तालुक्याच्या गावी मोठा राउटर बसवताय? हिशेब मे महिन्याचा करा

मे महिन्यातली दुपार, दोन वाजून दहा मिनिटं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लाईन गेली. जनरेटर सुरू व्हायला हवा होता, झाला नाही. त्याच्या स्टार्टरची बॅटरी उतरलेली होती. बॅटरी बँकेनं मात्र लोड बरोबर उचलला, आणि फोनवर मी आमच्या साहेबांना सांगून टाकलं की चार तास काळजी नाही. तीन वाजायच्या आत राउटरनं (तालुक्याची इंटरनेट-वाहतूक पुढं पाठवणाऱ्या यंत्रानं) तापमानाचे इशारे द्यायला सुरुवात केली, मग एकेक कार्ड स्वतःहून बंद केलं. मी गाडीतून उतरून दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. बॅटरीत अजून तीन तासांची वीज शिल्लक होती.

कारण साधं होतं. एसी बॅटरीवर नव्हते. बॅटरीचा हिशेब एकानं केला, एसीचा दुसऱ्यानं, अर्थिंगचं काम तिसऱ्या कंत्राटदाराकडे, आणि तिघांचे कागद जुळवून बघायचं काम माझं होतं. ते मी केलं नव्हतं. त्यानंतर जिथं जिथं मोठा राउटर बसवला तिथं एकच सवय ठेवली: प्रत्येक आकडा मे महिन्यातल्या दुपारी तीनचा धरायचा, आणि तिन्ही गोष्टी एकाच कागदावर मांडायच्या. तो कागद कसा तयार होतो ते खाली सांगतो.

आधी खोली

शक्यतो तळमजला निवडा. ४८ व्होल्ट, ४०० एएचची (अँपिअर-तास, बॅटरीच्या साठवणीचं माप) एक लेड-ॲसिड बँक सहज सहाशे किलोच्या पुढे जाते, आणि आपल्याला दोन लागणार आहेत. काळ्या मातीवर बांधलेल्या जुन्या खोलीत भिंतींना तिरप्या भेगा दिसल्या तर तिथं थांबा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी वर-खाली करते. पाया मुरमापर्यंत गेलाय का, हे गावातल्या गवंड्याला विचारा, त्याला ठाऊक असतं. पश्चिमेकडे खिडकी असेल तर ती विटांनी बुजवा. केबल आत येतात ती भोकं पहिल्याच दिवशी बंद करा. सोयाबीन निघाली की शेतातले उंदीर घर शोधतात, आणि फायबरचं आवरण त्यांना का आवडतं देव जाणे.

लोड: कुठला आकडा खरा?

राउटरच्या कागदावर तीन प्रकारचे आकडे सापडतात. पहिला पॉवर सप्लायची कमाल क्षमता. तो धरला तर सगळंच दुप्पट आकाराचं होऊन बसतं. दुसरा 'साधारण' वापर, जो २५ अंशांच्या थंड प्रयोगशाळेत मोजलेला असतो. तो धरला तर आपण फसतो, कारण आपली खोली तापली की पंखे जोरात फिरतात आणि पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट झाला तर वीज तिपटीहून जास्त. तिसरा आकडा आपल्या कामाचा: बसवणार असलेलं प्रत्येक कार्ड, पूर्ण वेगातले पंखे आणि ऑप्टिक्स (फायबरमध्ये प्रकाश सोडणारी मॉड्यूल) यांची कमाल बेरीज. ऑप्टिक्स विसरू नका. ४०० गिगचं एक कोहेरंट मॉड्यूल एकटं १५ ते २० वॅट खातं, अशी बारा लावली की १८० ते २४० वॅट त्यांचेच होतात.

उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. राउटर ३,६०० वॅट, ट्रान्समिशनची उपकरणं ८००, स्विच आणि किरकोळ ४००. एकूण ४,८००. पुढं कार्डं वाढतीलच, म्हणून २५ टक्के जास्त धरले की ६,००० वॅट.

उणे ४८ व्होल्ट आणि बॅटरी

तालुक्याच्या पातळीवर मी मोठा राउटर २३० व्होल्टवर, यूपीएस लावून चालवायच्या विरोधात आहे. उणे ४८ व्होल्टच्या (धन बाजू अर्थला जोडलेल्या) पॉवर प्लांटमध्ये बॅटरी थेट लोडला जोडलेली असते, मध्ये इन्व्हर्टर नसतो, त्यामुळे लाईन गेल्याचं राउटरला कळतसुद्धा नाही. बिघडायला एक यंत्र कमी.

नाव ४८ असलं तरी व्होल्टेज दिवसभर बदलतं. २ व्होल्टचे २४ सेल, प्रत्येकी २.२५ व्होल्टवर फ्लोट (भरलेली बॅटरी ज्यावर टिकवून ठेवतात ते व्होल्टेज), म्हणजे ५४ व्होल्ट. डिस्चार्ज होत सेल १.८ वर आला की ४३.२. राउटर वॅट तेवढेच मागतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की करंट चढतो: ६,००० वॅटला ५४ व्होल्टवर १११ अँपिअर, ४३.२ वर १३९. केबल आणि ब्रेकर नेहमी या दुसऱ्या आकड्यावर निवडायचे.

चार तासांचा बॅकअप हवा असेल तर सरासरी ४७ व्होल्टवर १२८ अँपिअर, चार तासांचे ५११ एएच. पण बॅटरीवरचा आकडा दहा तासांच्या डिस्चार्जचा असतो, चार तासांत रिकामी केली तर साधारण ८० टक्केच हाती येतं. शिवाय आयुष्याच्या शेवटी ती ८० टक्क्यांवर आलेली असेल. ५११ भागिले ०.८, पुन्हा भागिले ०.८: जवळपास ८०० एएच. म्हणजे ४००च्या दोन बँका. एकच ८००ची घेऊ नका. दोन असल्या की एक बाजूला काढून तपासता येते.

रेक्टिफायरनं (लाईनची वीज बॅटरीच्या ४८ व्होल्ट डीसीत बदलणाऱ्या यंत्रानं) लोडही चालवायचा आणि बॅटरीही भरायची. १११ अँपिअर लोडचे, ८०० एएचच्या दहा टक्क्यांनी ८० चार्जिंगचे, मिळून १९१. ५० अँपिअरची चार मॉड्यूल पुरतात, पाचवं राखीव घ्या. इथं काटकसर केली की दिवसातून तीनदा लाईन जाणाऱ्या गावात बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, आणि अर्धपोटी बॅटरी दीड-दोन वर्षांत संपते.

आता उन्हाळा. आपल्याकडे व्हीआरएलए (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरीचं आयुष्य २७ अंशांवर सांगितलेलं असतं, आणि दर १० अंश वाढीला ते ढोबळमानानं निम्मं होतं. ३७ अंशांच्या खोलीत आठ वर्षांची बॅटरी चार वर्षांची झाली समजा. म्हणून रेक्टिफायरचं तापमान-भरपाईचं (बॅटरी तापली की चार्जिंगचं व्होल्टेज उतरवणारं) सेन्सर बॅटरीच्या मधल्या सेलला चिकटवलेलं आहे ना, हे स्वतः बघा. मी ते दोनदा भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेलं पाहिलंय. लिथियम बॅटरी उष्णतेला जास्त टिकते आणि हलकी असते. बजेट असेल तर जरूर घ्या, पण रेक्टिफायर तिच्याशी बोलणारा हवा.

गावची लाईन आणि जनरेटर

रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला मोटारी लागल्या की व्होल्टेज १७०-१८० पर्यंत बसतं, हे गावात कुणालाही विचारा. त्यामुळे रेक्टिफायर रुंद व्होल्टेजचा घ्या. पण खरी भीती कमी व्होल्टेजची नाही. खांबावर न्यूट्रल तुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकतं. आमच्याकडे एकदा असंच झालं आणि दोन एसींची सर्किटं एकाच क्षणी जळाली. रेक्टिफायर वाचले, कारण त्यांच्या आत जास्त व्होल्टेजला तुटण्याची सोय होती. तेव्हापासून मुख्य पॅनलमध्ये जास्त-कमी व्होल्टेज आणि फेज जाणं ओळखणारा रिले लावल्याशिवाय मी सही करत नाही.

एकूण मागणी: रेक्टिफायरला साधारण ११ किलोवॅट, चालू असलेल्या दोन एसींना साडेचार, दिवे-पंखे अर्धा. १६ किलोवॅट, म्हणजे थ्री फेज जोडणी. जनरेटर कागदावर २० केव्हीए पुरतो, पण एसीचा सुरुवातीचा झटका आणि ४५ अंशांची हवा धरून मी ३० केव्हीए घेतो. डिझेल तासाला साडेचार-पाच लिटर लागेल. पंप पंचवीस किलोमीटरवर आणि मध्ये नाला असेल तर पावसाळ्यात टाकीत पूर्ण दिवसाचं डिझेल हवंच. स्टार्टरच्या बॅटरीला मेन्सवरचा चार्जर लावा. का, ते वर सांगितलंच.

केबल आणि ब्रेकर

राउटरला ए आणि बी अशा दोन स्वतंत्र बाजूंनी वीज द्यायची, आणि एक गेली तरी दुसरीनं एकटीनं सगळा भार घ्यायचा. म्हणजे प्रत्येक बाजूची केबल ३,६०० वॅट भागिले ४३.२, ८३ अँपिअरला पुरली पाहिजे. पॅनल ८ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १६ मीटर तांबं. १६ चौरस मिमीच्या केबलमध्ये सुमारे दीड व्होल्ट गळतो, ३५ चौरस मिमीत ०.७. बॅटरी शेवटच्या टप्प्यावर असताना हा वाचलेला पाऊण व्होल्ट म्हणजे वाढीव मिनिटं असतात. तांब्यात पैसे घाला.

तालुक्याच्या दुकानात मिळणारा साधा एमसीबी (घरात असतो तो आपोआप पडणारा ब्रेकर) इथं चालत नाही. मेन्सचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो आणि ठिणगी विझते, डीसीत, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेत, ती अशी आपसूक विझत नाही. ब्रेकरवर डीसीचा व्होल्टेज लिहिलेला हवा. कुठल्या रंगाची वायर उणी आणि कुठली परतीची, हे खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्री दोन वाजता येणारा माणूस तुम्ही नसणार.

अर्थिंग: इथं घाई नको

विदर्भात एकाच तालुक्यात अर्थिंगची दोन जगं आहेत. नदीकाठची काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते. तिथून दोन किलोमीटर वर टेकाडावर गेलात की वीतभर मुरूम आणि खाली काळा पाषाण. एक हिशेब करून बघा: ३ मीटर लांब, १७ मिमी जाडीची सळई, मातीची रोधकता १० ओहम-मीटर असेल तर रोध सुमारे ३.३ ओहम. रोधकता १०० झाली की तीच सळई ३३ ओहम. म्हणून 'मागच्या साइटवर एक खड्डा पुरला होता' हा युक्तिवाद ऐकू नका. आधी चार सळयांच्या पद्धतीनं माती मोजा, मग खड्डे किती ते ठरवा.

बहुतेक मोठ्या उपकरणांचे उत्पादक ५ ओहमच्या आत मागतात. मी १ ते २ चं लक्ष्य ठेवतो. काळ्या मातीत ३ मीटरचे तीन-चार खड्डे, एकमेकांपासून किमान ६ मीटर लांब, आणि तांब्याच्या किंवा जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीनं कडं करून जोडलेले. जवळजवळ खड्डे घेतले तर ते एकमेकांचीच माती वापरतात आणि पैसे वाया जातात. मीठ-कोळशाची जुनी रीत सुरुवातीला आकडा छान दाखवते, पण मीठ पावसात वाहून जातं आणि पाइप खातं. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) टाका, तो पाणी धरून ठेवतो. काळ्या मातीत आणखी एक गोम आहे. एप्रिल-मे मध्ये ती इतकी भेगाळते की सळईभोवती बोटभर फट पडते, आणि सळई हवेत उभी राहते. एका साइटवर ऑगस्टमध्ये मोजलं तेव्हा १.८ ओहम होतं, कंत्राटदाराचं बिल निघालं. पुढच्या मे महिन्यात मी त्याच खड्ड्यावर मीटर लावला: ९.४. भेगेत मी किल्ली टाकली असती तर परत मिळाली नसती. तेव्हापासून करारातच लिहून घेतो की अंतिम मोजणी मे मध्ये होईल आणि शेवटचा हप्ता त्यानंतर.

टेकाडावर सळई ठोकण्याचा हट्ट सोडा. बोअरवेलच्या गाडीनं ८-१० मीटरचं बारीक छिद्र पाडा, त्यात तांब्याची सळई सोडून बेंटोनाइटच्या लगद्यानं भरा. नाहीतर खोलीभोवती अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणून आडवी पट्टी लांबवर न्या. धुऱ्यापलीकडचं शेत दुसऱ्याचं असेल तर आधी परवानगी घ्या, नांगराला पट्टी लागली की भांडण ठरलेलं.

मोजताना तीन टोकांची पद्धत: करंटची खुंटी लांब, उदाहरणार्थ ५० मीटरवर, आणि व्होल्टेजची तिच्या ६२ टक्के अंतरावर. मधली खुंटी दोन-तीन मीटर पुढं-मागं करून पुन्हा मोजा. आकडा फार हलला तर खुंट्या जवळ आहेत, लांब न्या.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टॉवरची अर्थिंग वेगळी, वीजप्रतिबंधकाची वेगळी, आणि राउटरची 'स्वच्छ' अर्थिंग म्हणून मुद्दाम सगळ्यांपासून तोडलेली. ऐकायला पटतं. पण आपल्याकडे मृगाच्या आधीच्या वादळांत आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते शेतकऱ्याला विचारा. टॉवरवर वीज पडली की टॉवरच्या खड्ड्याचं व्होल्टेज क्षणभर हजारोंनी वर जातं, आणि राउटरची अर्थ तिथंच खाली राहिली तर तो फरक राउटरच्या पोर्टांतून वाट काढतो. खड्डे कितीही असोत, सगळे जमिनीखाली एकमेकांना जोडा. आतमध्ये एकच मुख्य अर्थ बार. टॉवर, पॉवर प्लांट, जनरेटर, रॅक, केबल ट्रे, फायबरमधली धातूची तार, सगळं तिथंच येऊन मिळालं पाहिजे. बॅटरीची धन बाजू अर्थला एकाच ठिकाणी जोडायची. दोन ठिकाणी जोडली की लोडचा करंट अर्थच्या वायरीतून फिरायला लागतो.

सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) प्रतिबंधक मुख्य पॅनलवर बी आणि सी वर्गाचा लावा, आणि त्याच्या दोन्ही वायरी मिळून अर्धा मीटरच्या आत ठेवा. नीटनेटकं दिसावं म्हणून वायर वेटोळी करून बांधलेली मी पाहिली आहे. विजेच्या झटक्याला ते वेटोळं भिंतीसारखं असतं.

राउटरच्या चेसिसला दोन भोकांची थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक), किमान १६ चौरस मिमीची वायर, दाबून क्रिम्प केलेली. खालचा रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला. हे काम राउटरला वीज देण्याच्या आधी, आणि काढताना सगळ्यात शेवटी.

गारवा

उपकरणात जेवढी वीज जाते तेवढीच उष्णता बाहेर येते. ६,००० वॅट म्हणजे १.७ टन. रेक्टिफायरची गळती अर्धा किलोवॅट. उघड्या स्लॅबच्या ४ बाय ५ मीटर खोलीत मे महिन्याच्या दुपारी छत आणि भिंती अडीच-तीन किलोवॅट आत ढकलतात, हा माझा अंदाज. बेरीज ९ किलोवॅटच्या वर, २.६५ टन. वाटतं की २ टनांचे दोन एसी भरपूर झाले. पण घरगुती एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना सांगितलेली असते, चंद्रपूर-अकोल्याच्या ४५-४६ अंशांत ती घटते. शिवाय तिचा चतुर्थांश भाग हवेतला दमटपणा काढण्यासाठी मोजलेला असतो, आणि राउटर घाम गाळत नाही. हिशेब केला तर चार टनांचे जेमतेम अडीच-पावणेतीन उरतात. काठावर.

म्हणून एसी वाढवण्याआधी छत थंड करा. स्लॅबवर इन्सुलेशन, वर पांढरा लेप, किंवा निदान पत्र्याचं दुसरं छप्पर मध्ये हवा खेळेल असं. छतातून येणारी उष्णता निम्म्याहून कमी होते, आणि या खर्चाला ना वीज लागते ना देखभाल. मग २ टनांचे तीन एसी घ्या, दोन चालू, एक विश्रांतीला, दर काही तासांनी पाळी बदलणारे. शक्यतो ४६ अंशांची क्षमता कागदावर लिहिलेले. तापमान २४-२५ ठेवा. १८ वर ठेवलं तर श्रावणात दार उघडताच थंड धातूवर पाणी जमतं.

कूलर? प्रत्येक नव्या साइटवर कुणीतरी सुचवतंच, आणि विदर्भात ते स्वाभाविक आहे. घरी आपण त्याच्यावरच जगतो. पण कूलर ओल टाकतो, धूळ टाकतो, आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे क्षार कार्डांवर बसवतो. आणायचाच असेल तर शेजारच्या पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवा.

हवेची दिशा राउटर निवडतानाच बघा. ज्युनिपरचे एमएक्स २४० आणि ४८० बाजूनं हवा घेऊन दुसऱ्या बाजूनं सोडतात, ९६० पुढून घेऊन मागून सोडतो. बाजूवाला राउटर दोन भरलेल्या रॅकमध्ये चेंगरला की तो शेजाऱ्याची गरम हवाच पुन्हा पितो. पुढून-मागून असेल तर पुढं आणि मागं मीटरभर जागा सोडा, आणि एसीचा झोत पुढच्या बाजूला. रिकाम्या स्लॉटांना आणि रॅकच्या मोकळ्या जागांना झाकणं लावा.

फिल्टरसाठी आपल्या भागाचं वेगळं पंचांग आहे. वणी, हिंगणघाट, अकोटसारख्या जिनिंगच्या गावांत दिवाळीनंतर हवेत रुईचे तंतू तरंगतात. ते राउटरच्या फिल्टरवर पातळ गोधडीसारखे बसतात. वरून फिल्टर पांढरा, स्वच्छ वाटतो, हात लावला की थर सोलून निघतो. हंगामात दर पंधरा दिवसांनी बघा. वणी-चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आहेच.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे. ४ बाय ५ बाय ३ मीटरच्या खोलीत हवा जेमतेम ७० किलो. ६ किलोवॅटनं ती एकटी तापली तर दर बारा सेकंदाला एक अंश चढेल. भिंती आणि लोखंड बरंच शोषतात म्हणून आपल्याला थोडा वेळ मिळतो, पण तास नाही मिळत. यावर दोन उपाय. स्वस्त उपाय म्हणजे ४८ व्होल्टवरचे मोठे पंखे, जे खोली तापली की बाहेरची हवा फिल्टरमधून आत ओढतात. ताशी ३ हजार घनमीटरच्या वर हवा फिरली तर खोली बाहेरच्यापेक्षा सहाएक अंशांनी गरम राहते. बाहेर ४६ असताना आत ५२. टेलिकॉम दर्जाच्या बऱ्याच राउटरांना नेहमीसाठी ४० आणि थोड्या काळासाठी ५५ अंशांची मुभा असते, तुमच्याच्या पुस्तिकेत बघून घ्या. हेच पंखे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एसी बंद ठेवून वीज वाचवतात. महाग उपाय म्हणजे एक इन्व्हर्टर एसी बॅटरीवरून चालवणं. भार साडेआठ किलोवॅट होतो आणि चार तासांचा बॅकअप पावणेतीन तासांवर येतो. मी आता हाच करतो. पावणेतीन तास राउटर खरोखर चालतो.

चाचणी

नवतपा लागला की एक दिवस ठरवा. २५ मे नंतरचा, आभाळ निरभ्र असलेला. वरच्या कार्यालयाला आणि ज्यांची लाईन या राउटरवर आहे त्यांना आधी कळवा. दुपारी अडीच वाजता मुख्य स्विच पाडा आणि जनरेटरही मुद्दाम बंद ठेवा. खुर्ची घेऊन आत बसा. दर पाच मिनिटांनी वहीत लिहा: बॅटरीचं व्होल्टेज, करंट, राउटरच्या हवा घेण्याच्या बाजूचं तापमान, पंख्यांचा वेग. पंख्यांचा आवाज चढायला लागला ती वेळ वेगळी लिहा. तासाभरानं ए बाजूचा ब्रेकर पाडा आणि बी बाजूची थिंबल इन्फ्रारेड थर्मामीटरनं बघा. ढिली असेल तर ती तिच्या शेजारणीपेक्षा दहा-वीस अंश गरम दिसते. मग जनरेटर ऑटोवर टाका आणि तो किती सेकंदांत भार घेतो ते मोजा. एसी एकदम सुरू होतात की एकामागून एक, तेही बघा.

लाईन परत दिल्यावर लगेच निघू नका. बॅटरीत जाणारा करंट ८० अँपिअरच्या आसपास थांबतोय का ते बघा. त्याच दुपारी माती सर्वांत कोरडी असते, तेव्हा अर्थिंगचा मीटर गाडीत असू द्या.